मावशींविरुद्धची माझी तक्रार

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या बाजूला आमची शाळा आहे. मी तिथे तेवीस वर्षं गणित शिकवते आणि बरीच वर्षं सकाळच्या सत्राची पर्यवेक्षिका आहे. राहायला डोंबिवलीत. पर्यवेक्षिका म्हणजे वर्गांवरून फेरी मारायची, बदली तास लावायचे आणि शिपाई-सेविकांच्या कामावर नजर ठेवायची. यातलं शेवटचं काम मला जरा जास्तच आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. मी आले की व्हरांड्यातलं बोलणं थांबायचं. त्याला मी शिस्त म्हणायचे.

मुलींच्या मजल्यावर आमच्याकडे एक मावशी होत्या. कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या, वय पन्नाशीच्या आसपास. कायम नव्हत्या, दर जूनमध्ये नेमणूक वाढवून मिळायची. घंटा देणं, पाण्याची टाकी बघणं, मुलींची स्वच्छतागृहं धुणं ही त्यांची कामं. शिवाय सहावी-सातवीतल्या एखादीला शाळेतच पहिल्यांदा पाळी आली की तिला बाजूला घेऊन धीर द्यायचा, आपल्या पिशवीतलं पॅड काढून द्यायचं, हे त्या करायच्या. ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. आवाज असा खणखणीत की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर गेटवरचा वॉचमन ओ द्यायचा.

एका वर्षी दिवाळीनंतर त्या बदलल्या. आधी चाल मंदावली. मग चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. मार्चमध्ये आम्ही पंख्याखाली बसून घाम पुसत होतो आणि या मरून रंगाचा स्वेटर घालून जिन्यात बसलेल्या. आवाज बसला तो बसलाच, शब्द तोंडातून ओढून काढल्यासारखे यायचे. आणि झोप. स्टुलावर भिंतीला टेकल्या की डोळा लागायचा. वार्षिक परीक्षेच्या एका पेपरला त्यांच्याकडून घंटा उशिरा झाली, तेव्हा मी मजल्यावर जाऊन त्यांना उठवलं. सगळ्या वर्गांच्या दारातून मुली बघत होत्या.

"मावशी, घरी झोपायला मिळत नाही का?"

त्या गडबडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "झोपते की बाई. झोपते तरी पुरत नाय. काय व्हतंय काय कलत नाय."

"मग नोकरी सोडा आणि घरी पोटभर झोपा."

मुली हसल्या. मला त्यांचं हसणं आवडलं.

त्याहून वाईट गोष्ट मी स्टाफरूममध्ये केली. मी मावशींची नक्कल करायचे. तो घोगरा, ओढलेला आवाज मला छान जमायचा. "बा...ई... घंटा... इसरली..." असं म्हटलं की सगळ्या खो खो हसायच्या. कोणी नवीन शिक्षिका आली की तिच्यासाठी पुन्हा करून दाखवायला सांगायच्या आणि मी आढेवेढे न घेता दाखवायचे.

मे महिन्यात नेमणुकांचे अहवाल द्यायचे असतात. आमचे मुख्याध्यापक स्वभावाने मऊ. नुसतं 'कामात ढिलाई' लिहिलं तर ते मावशींना समज देतील आणि पुन्हा ठेवून घेतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आणखी एक वाक्य लिहिलं. 'बोलताना जीभ जड होते, चेहरा सुजलेला असतो, कामाच्या वेळेत झोप लागते. मद्यपान करून येत असल्याचा संशय आहे.'

हे वाक्य लिहिताना मला त्याबद्दल खरंच संशय होता का? नव्हता. मी त्यांच्या अगदी जवळ उभी राहिलेले होते, कितीदा तरी. त्यांना फिनाईलचा वास यायचा आणि केसांतल्या गजऱ्याचा. दारूचा कधीच आला नाही. पण कोळीवाड्यातली बाई आहे, म्हटलं तर कोणीही विश्वास ठेवेल, असा हिशोब माझ्या डोक्यात होता. तो इतका सहज आला की तेव्हा मला तो हिशोब वाटलाच नाही.

जूनमध्ये मावशींची नेमणूक वाढली नाही. किल्ल्या परत द्यायला आल्या तेव्हा त्या स्टाफरूमच्या दारात थोडा वेळ थांबल्या होत्या. मी वेळापत्रक लिहीत होते. मी मान वर केली नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या हातातल्या बांगड्या निघेनात.

लग्नातल्या बांगड्या, वीस वर्षं साबण न लावता निघायच्या. मी म्हटलं, वजन वाढलंय. वाढलंच होतं, खाणं कमी करूनसुद्धा. टाचांना भेगा, केस न्हाणीघराच्या जाळीत पुंजक्याने. घरात सगळ्यांना उकडायचं आणि मी पंखा बंद करायला उठायचे. पाळीचा तर काही नियमच राहिला नाही. कधी वीस दिवसांत यायची आणि थांबायचं नाव घ्यायची नाही, कधी दोन महिने गायब. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच मत पडलं: "मेनोपॉज गं, आता हेच असतं." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्ही असं काही केलं नाही." नवरा म्हणाला, "सकाळी चालायला जात जा." आणि मुलगी, कॉलेजात आहे ती, हसत म्हणाली, "आई, तुझ्या व्हॉइस नोट्स मी हल्ली दीडपट स्पीडवर लावून ऐकते. इतकी स्लो बोलतेस."

मीही हसले. माझा आवाज कसा झालाय ते मला ऐकू येत नव्हतं.

एकदा पालकसभेत माझ्या लक्षात आलं की आपण बसलोय ती खुर्ची ओली झाली आहे. समोर चाळीस-पन्नास पालक. सभा संपली तरी मी उठले नाही. फाइल मांडीवर घेऊन काहीतरी लिहीत असल्याचं सोंग केलं. एक आई जवळ येऊन बराच वेळ मुलाच्या अपूर्णांकांबद्दल बोलत राहिली आणि मी "हो, हो" करत राहिले. वर्ग रिकामा झाल्यावर मी दार लावून घेतलं, रुमाल बाटलीतल्या पाण्यात भिजवून खुर्ची पुसली, पदर मागून गुंडाळून घेतला आणि रिक्षाने स्टेशनला गेले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, शाळेत जिला सगळे घाबरतात, ती दार लावून खुर्ची पुसते आहे. त्या दिवशी मला मावशींची आठवण झाली. त्या असत्या तर मी खुणेनं बोलावलं असतं आणि त्यांनी काही न विचारता सगळं निभावून नेलं असतं. मी आठवण लगेच झटकून टाकली.

पुढच्या पूर्वपरीक्षेत मी दहावीच्या पेपरांच्या बेरजा चुकवल्या. गणिताच्या बाईने बेरजा चुकवल्या! एका पेपरात नाही, नऊ पेपरांत. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. त्याच आठवड्यात ग्रंथालयात बसल्या बसल्या मला झोप लागली आणि माझा तास रिकामा गेला. मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा मी मनात उत्तरं जुळवत गेले. पण त्यांनी उठून केबिनचं दार लावलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"बाई, तुमची तब्येत मला ठीक वाटत नाही. आठवडाभर रजा घ्या, तपासण्या करून घ्या. पेपर मी दुसऱ्यांकडून बघून घेतो. काळजी करू नका."

कोणी काही लिहिलं नाही. कोणाला कसला संशय आला नाही. मी पर्यवेक्षिका होते, माझी साडी इस्त्रीची होती आणि मी ब्राह्मण आळीत वाढलेली होते. मी झोपले तर ते आजारपण ठरलं.

डोंबिवलीत आमच्या घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गळा चाचपला आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागल्या. थंडी जास्त वाजते का? सकाळी डोळ्यांखाली सूज असते का? पोट साफ होतं का? झोप कितीही घेतली तरी अपुरी वाटते?

"वाटते," मी म्हटलं.

"आवाज कधीपासून असा आहे?"

"कसा?"

"घोगरा. आणि बोलताना जीभ जड होते तुमची."

हे शब्द माझे होते, माझ्याच अक्षरात शाळेच्या फाइलला लावलेले.

रिपोर्ट आला तेव्हा टीएसएचचा आकडा बघून त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "थायरॉईड जवळजवळ कामच करत नाहीये. हे काल-परवाचं नाही. बरेच दिवस तुम्ही अंगावर काढलंय. पाळीचं म्हणाल तर वयाचा भाग आहेच, पण यानेही रक्तस्राव वाढतो. दोन्ही एकात एक मिसळलंय, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसेल." मग मला हलकं वाटावं म्हणून की काय, हसून म्हणाल्या, "एकदम टोकाला गेलं ना, तर माणूस पिऊन बोलतोय असं वाटतं."

मी पाणी मागितलं. त्यांना वाटलं रिपोर्टमुळे घाबरले. त्या मला समजावत राहिल्या की यात घाबरण्यासारखं काही नाही, साधी गोळी आहे.

गोळी साधीच होती, पण ती सांभाळायला शिकावं लागलं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. सासूबाईंच्या घरात साडेपाचला सगळ्यांचा चहा एकत्र होतो. त्यांच्यासमोर "मला नको, नंतर घेते" म्हणायची मला लाज वाटायची, कारण मग का ते सांगावं लागलं असतं. पहिले काही आठवडे मी गोळी घेऊन पाचच मिनिटांत चहा प्यायचे. रक्तस्रावासाठी दिलेली लोहाची गोळी आणि कॅल्शियम, तेही विसरायला नको म्हणून त्याच घोटाबरोबर. दोन महिन्यांनी तपासणी केली तर आकडा फारसा हललाच नव्हता. डॉक्टरीणबाई रागावल्या. "गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही तुमच्या. चहात लाजण्यासारखं काय आहे? आणि लोह-कॅल्शियम चार तासांनंतर घ्यायचं." मग मी सासूबाईंना सांगितलं. त्या इतकंच म्हणाल्या, "मग आधी सांगायचं की." दुसऱ्या दिवसापासून माझा चहा वेगळा झाकून ठेवायला लागल्या.

तीन-चार महिन्यांनी फरक पडला. एका सकाळी मी जिना न थांबता चढले. पंखा पुन्हा हवासा वाटायला लागला. मुलगी म्हणाली, "आई, तू परत ओरडायला लागलीस, बरं वाटलं." डोकं साफ झालं आणि त्या साफ डोक्यात ते एक वाक्य येऊन बसलं. आजारी होते तोवर मला त्याच्याकडे नीट बघण्याचं त्राणसुद्धा नव्हतं. आता वर्गात फळ्यावर लिहिताना, भाजी निवडताना, कुठेही ते आठवायचं आणि कानशिलं गरम व्हायची.

तरी जायला मला अर्धं वर्ष लागलं. आधी परीक्षा होत्या, मग सुट्टी, मग मुलीची ॲडमिशन. शेवटी ऑफिसमधल्या क्लार्ककडे मावशींचा पत्ता मागितला. त्याने वही उघडायच्या आधी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्याला सगळं माहीत आहे हे मला कळलं.

एका रविवारी सकाळी कोलशेतला गेले. मोठाल्या टॉवर्सच्या रांगा संपल्या की रस्ता खाडीकडे उतरतो आणि घरं बसकी होतात. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. ओटीवर मावशी कोळंबी सोलत बसल्या होत्या. चेहऱ्यावरची सूज गेलेली. मला बघून त्यांनी हात थांबवले.

"बाई?" आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता.

त्यांची सून आतून आली, खुर्ची ठेवून पाणी आणायला गेली. मी खुर्चीवर न बसता पायरीवर बसले. काय बोलायचं ते बसमध्ये दहादा ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"मावशी, मला थायरॉईड निघाला," मी म्हटलं.

"मना पन," त्या म्हणाल्या. "शालेतून काढलं ना, त्याच्यानंतर लय सुजले. चक्कर येऊन पडले ती डायरेक सरकारी दवाखान्यात. तिथं समजलं. आता गोली चालू हाय, रोज पहाटे."

"तेव्हा शाळेत तुम्हाला तेच होत होतं."

"हां. तेच."

मी म्हटलं, "तुमच्याबद्दल तो रिपोर्ट मी लिहिला होता. दारूचं मी लिहिलं होतं. मला वास वगैरे कधीच आला नव्हता."

मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्यांनी एक कोळंबी उचलून सोलली, टोपात टाकली.

"ठावं हाय. किलार्कानी वाचून दाखवला व्हता मना. मी त्याला बोल्ले, परत वाच. त्यानी परत वाचला." मग म्हणाल्या, "माझा नवरा दारूपायी गेला, बाई. मी थेंब शिवले नाय कवा. आनि तुमी तेच लिवलंत."

मी माफी मागितली. रडायला आलं, तेही झालं. रडताना मला स्वतःचीच शरम वाटत होती, कारण समोरची बाई रडत नव्हती. सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

मावशी म्हणाल्या, "तोंडानी माफी नको मना. तुमी तवा कागदावर लिवलंत, आता पन कागदावर लिवा. शालेत द्या. आनि एक कागद हितं आना, माझ्या सुनेला वाचून दाखवा."

मी हो म्हटलं. त्या पुन्हा कोळंबीकडे वळल्या.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. 'मद्यपानाबाबतचा उल्लेख मी कोणत्याही आधाराविना केला होता. तो खोटा होता.' दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"बाई, पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. या खुर्चीसाठी तुमचं नाव वर आहे. हे फाइलला लागलं तर संस्थेत प्रश्न विचारतील. तुम्ही त्यांना भेटलात, माफी मागितलीत, पुष्कळ झालं. त्यांना तरी आता याचा काय उपयोग?"

आणि मी पत्र परत घेतलं. पर्समध्ये घालून घरी आणलं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं. दोन आठवडे ते तिथेच होतं. रोज पहाटे गोळी घ्यायला उठायचे आणि कपाटासमोरून स्वयंपाकघरात जायचे. मावशीही याच वेळी उठून गोळी घेत असतील, हे डोक्यात यायचं. नवऱ्याला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तो म्हणायचा, "आता बरी आहेस ना, मग तोंड का पाडून असतेस?"

तिसऱ्या सोमवारी मी ते पत्र ऑफिसात दिलं आणि आवक-जावकचा शिक्का मारून घेतला. क्लार्कने शिक्का मारला, प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बसा बाई, पाणी आणतो." मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्येही सांगितलं, की मावशी पीत नव्हत्या, आजारी होत्या, आणि मी त्यांची नक्कल करायचे तेव्हाही आजारीच होत्या. मग एकजण डबा बंद करत म्हणाली, "जाऊ दे गं. हसलो तर आपण सगळ्याच." तिने मला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी प्रत घेऊन कोलशेतला गेले. मावशींनी सुनेला बाहेर बोलावलं. मुलगा घरी होता, तोही आला. मी उभी राहून वाचलं. वर्गात शिकवणारी मी, माझा आवाज दोनदा फुटला. 'तो खोटा होता' इथे आले तेव्हा मावशी म्हणाल्या, "ते परत वाचा." मी परत वाचलं. मग त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन म्हणाल्या, "बरं झालं. आता जावा तुमी, ऊन चडल."

चहा विचारला नाही. मी तो अपेक्षिलाही नव्हता, असं म्हणायला मला आवडलं असतं.

सून रिक्षापर्यंत माझ्यासोबत आली. बारावी शिकलेली मुलगी, एका दुकानात बिलिंगला बसते. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही उन्हात उभ्या होतो. ती एकदम म्हणाली, "मॅडम, शाळेतून काढल्यावर ते दारूचं आमच्या कानावर आलेलं. आई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या झोपायच्या. मला खरं वाटलं. मी कामावरून आले ना की त्यांचं तोंड हुंगायचे. रोज."

मी तिच्याकडे बघितलं.

"त्या रागवायच्या नाहीत," ती म्हणाली. "मी समोर उभी राहिले की स्वतःच तोंड उघडायच्या. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला माफ केलं. तुमचं मला माहीत नाही."

रिक्षा आली. मी आत बसले.

मावशींना नोकरी परत मिळाली नाही, त्या जागी दुसरी बाई लागली होती. मुख्याध्यापकाची खुर्ची मला मिळाली नाही. त्या पत्रामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. माझा आकडा आता जागेवर आहे, पाळीही हळूहळू थांबत आली आहे. कोलशेतला पुन्हा जावं असं कधी कधी वाटतं. त्यांनी बोलावलेलं नाही, आणि मी गेले तर ते त्यांच्यासाठी असेल की माझ्यासाठी, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. म्हणून गेलेले नाही.